पालखीबरोबर गेलेली माणसं

तन्मयने माझ्या आईचा मोबाइल नंबर टाइप केला, बटण दाबलं, आणि पडद्यावर हिरवी अक्षरं उमटली: परत आले.

"बघ," तो म्हणाला, "आत्या कधीच आली. तू उगाच टाचा उंचावून बघत बसलीयस."

मी टाचा खाली टेकल्या. पालखी नुकतीच बांबूच्या कमानीखालून किनाऱ्यावर आली होती. ढोल अजून घुमत होते, गुलालाने हवा लाल झाली होती, आणि दामूमामा घामाने भिजलेलं उपरणं पिळत उभा होता. त्या घोळक्यात आईची मोतिया रंगाची साडी काही मला दिसली नव्हती. पण घोळका मोठा होता, आणि मशीन म्हणत होतं आली. मी चहाच्या टेबलाकडे वळले.

आमच्या माडबावचा देव बेटोबा समुद्रात राहतो. काळ्या खडकाचं एवढंसं बेट, त्यावर कौलारू देऊळ, पुढे दगडी दीपमाळ, मागे खडकाच्या कुशीत गोड्या पाण्याची एक कोंडी. वर्षभर तिथे होडीनेच जायचं. फक्त माघी पौर्णिमेला ओहोटी इतकी लांब जाते, की किनाऱ्यापासून बेटापर्यंत वाळूची वाट उघडी पडते. त्या दिवशी जत्रा. पहाटे चालत जायचं, अभिषेक करायचा, कीर्तन ऐकायचं, आणि ऊन चढायच्या आत चालत परतायचं. कारण तीच पौर्णिमा मागोमाग उधाण घेऊन येते. दुपारपर्यंत पाणी देवळाच्या पायऱ्या चढून गाभाऱ्यात शिरतं. देव समुद्रस्नान करतो, असं आमच्याकडे म्हणतात. त्या वेळी तिथे माणसाने असायचं नसतं.

पूर्वी गावचीच माणसं असायची, कोण गेलं आणि कोण आलं हे नजरेला कळायचं. मग जत्रेला बाहेरगावची गर्दी व्हायला लागली. त्या वर्षी देवस्थानच्या मंडळींनी तन्मयला सांगितलं, बाबा तू कंप्युटरचं शिकतोस, काहीतरी सोय कर. तन्मय म्हणजे दामूमामाचा मुलगा, इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होता. त्याने आठवडाभर बसून प्रोग्रॅम लिहिला. त्याच्या पोटात एक मॅप होता, म्हणजे नकाशा नव्हे, चावी आणि किंमत यांच्या जोड्यांची यादी. चावी म्हणजे माणसाचा मोबाइल नंबर, आणि त्या चावीला लागलेली किंमत एक किंवा शून्य. कमानीतून बेटाकडे निघालात, की तुमच्या नंबरापुढे एक. परत आलात, की शून्य. घरच्या माणसांनी येऊन कुणाचा नंबर विचारला, की मॅपमध्ये त्या चावीची किंमत बघायची. एक असेल तर लाल अक्षरांत 'बेटावर', शून्य असेल तर हिरव्या अक्षरांत 'परत आले'. कुणाच्याही नंबरापुढे एक उरला नाही, की कमानीवर तांबडं निशाण चढवायचं आणि वाट बंद.

लोकांना भारी कौतुक. म्हाताऱ्या बायकासुद्धा सुनांचे नंबर विचारायला येत होत्या आणि हिरवं अक्षर बघून तन्मयच्या गालावरून हात फिरवत होत्या.

मी तेव्हा पुण्याला नोकरीत होते, जत्रेपुरती आले होते. पहाटे मला बेटावर जायचं होतं, कारण दामूमामाचं बेटावरचं कीर्तन म्हणजे माझ्यासाठी वर्षाचा सण. तो पूर्वरंगाला उभा राहिला, की मागे समुद्र आणि पुढे मामाचा आवाज, यांत देव नेमका कुठे आहे हे मला लहानपणापासून कळलेलं नाही. पण त्या वर्षी मला ताप होता, आईने दटावून किनाऱ्यावरच बसवलं. स्वतःचा फोन माझ्या पिशवीत टाकला, पाण्यात भिजायला नको म्हणून, आणि झांजा घेऊन मामाच्या मागे निघून गेली. मामाच्या कीर्तनात मागे उभं राहून साथ करायला तीच लागायची. ती त्याची थोरली बहीण. तो तिला अक्का म्हणायचा, आणि अक्का मागे नसेल तर माझा ताल चुकतो, असं भर कीर्तनात सांगायचा.

पहाटे मी किनाऱ्यावरूनच ऐकलं. वारा किनाऱ्याकडे होता. सुदाम्याचं आख्यान होतं. पोह्यांची पुरचुंडी देवाने ओढून घेतली तेव्हा बेटावरची माणसं हसली, ते हसूसुद्धा पाण्यावरून आलं.

आता पालखी परतली होती, कमानीवर निशाण चढलं होतं, आणि मी चहाचा पेला हातात घेते तोच पिशवीतला आईचा फोन वाजला. मस्कतहून केदार, माझा भाऊ. जत्रेच्या दिवशी तो आईशी बोलल्याशिवाय कामाला जात नाही. मी त्याला सांगितलं, आई आत्ताच परतलीय, बायकांत कुठेतरी असेल, शोधून देते. तेवढ्यात तन्मयने फोन माझ्या हातातून घेतला आणि स्पीकरवर टाकला.

"केदारदादा, थांब, तुझीपण हजेरी बघतो." त्याने केदारचा मस्कतचा नंबर टाइप केला आणि खदखदून हसला. "अभिनंदन दादा. तू बेटावरून सुखरूप परत आलायस."

भोवतीची पोरं हसली. केदार तिकडून म्हणाला, मग देवाचा प्रसाद तरी पाठव, आणि आई भेटली की फोन कर म्हणून त्याने फोन ठेवला. मीही हसले असेन. पडद्यावर हिरवी अक्षरं होती: परत आले.

मग मी हातातला पेला टेबलावर ठेवला.

"तन्मय," मी म्हटलं, "केदारचा नंबर तू कधी घातला होतास?"

"मी कशाला घालू? तो तिकडे वाळवंटात आहे."

"मग हे कसं सांगतंय, परत आला म्हणून?"

त्याने खांदे उडवले. मी त्याला बाजूला केलं आणि मनाला येईल तो नंबर टाइप केला, कुणाचाच नसलेला. परत आले. आणखी एक. परत आले. मग नुसतेच आकडे दाबले, फोन नंबर होणारच नाहीत असे. परत आले.

ज्या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत त्याने ते लिहिलं होतं, ती मला रोजच्या कामाची होती. त्या भाषेतला मॅप मोठा सभ्य असतो. त्याच्यात नसलेली चावी तुम्ही विचारलीत, तर तो कुरकुरत नाही, थांबत नाही. तो शून्य देतो. शून्य म्हणजे परत आलेला माणूस, आणि शून्य म्हणजेच कधी न गेलेला, न नोंदलेला, त्याला ठाऊकच नसलेला माणूस. दोघांचा चेहरा एकच. हे टाळायला त्या भाषेत सोय असते. किंमत विचारताना सोबत आणखी एक प्रश्न विचारता येतो: ही चावी तुझ्याकडे मुळात आहे का?

तन्मयलाही त्याच क्षणी उमगलं. "आहे का, हे मी विचारलंच नाही गं त्याला," तो म्हणाला, इतक्या हळू, की मला ते त्याच्या ओठांवरूनच कळलं.

"आई जाताना तू तिचा नंबर घातलास?"

"पालखीबरोबरच्या कुणाचेच नाही घातले. राऊळतात्यांनी घालू दिले नाहीत. गडबडीत मी विसरूनच गेलो."

राऊळतात्या पालखीचे मानकरी. आमच्याकडे पालखीची वाट कुणी अडवत नाही. तिच्याबरोबर जाणारी माणसं त्या दिवसापुरती देवाची. त्यांना कमानीत थांबवून नंबर विचारायचा म्हणजे देवालाच नाव विचारण्यासारखं. तात्यांनी पहाटे तन्मयला हेच ऐकवलं होतं, आणि तन्मयने मान डोलावली होती. पालखी बेटाकडे गेली ती सरळ गेली, आली ती सरळ आली.

म्हणजे मशीनने माझ्या आईबद्दल काहीच सांगितलं नव्हतं.

मी धावत दामूमामाकडे गेले. आई कुठे आहे विचारलं. तो सहज म्हणाला, पुढे आली ना बायकांबरोबर, आरती झाली तेव्हा माझ्यामागे नव्हती. मी बायकांकडे गेले. त्या म्हणाल्या, शरयूताई दामूबुवांबरोबर होत्या, आमच्यात नव्हत्या. पेटी वाजवणारे भिकाजी मेस्त्री पेटी पुसत बसले होते. त्यांनी आठवून आठवून सांगितलं, की आरतीनंतर ती कळशी घेऊन देवळामागे गेली होती. शेजारच्या आजारी काकूंसाठी कोंडीचं पाणी न्यायचं म्हणाली होती. मग? मग ढोल सुरू झाले, पालखी उठली. त्यांना वाटलं, ती बायकांत मिसळली असेल.

मी समुद्राकडे बघितलं. वाळूची वाट उरली नव्हती. दोन्ही बाजूंनी लाटा येत होत्या आणि जिथे वाट होती तिथे मधोमध एकमेकींवर आपटून उभ्या राहत होत्या. बेट तेवढं लहान मला कधीच दिसलं नव्हतं.

मी कीर्तनात वाढलेली मुलगी. चालता बोलता देवाचं नाव घ्यायची सवय. पण त्या क्षणी नाव आठवेना. आईचं आठवत होतं, देवाचं नाही.

मामाला कळलं तेव्हा तो तसाच पाण्यात धावला. चौघांनी त्याला धरून मागे ओढलं. तो नुसता हिसके देत होता. राऊळतात्या एका खडकावर बसले आणि उठलेच नाहीत. त्या गोंधळात माझ्या मनात एक गोष्ट मात्र स्वच्छ होती, आणि तिनेच मला जास्त भीती घातली: पालखीबरोबरचं एकही माणूस नोंदलेलं नाही. आई बेटावर राहिलीय हे मला कळलं, कारण ती माझी आई. दुसरं कुणी राहिलं असेल तर?

मी मामाचे खांदे धरले. "मामा, पालखीबरोबर कोण कोण होतं ते तुलाच ठाऊक आहे. एकेकाला नावाने हाक मार. ओ आल्याशिवाय पुढच्या नावावर जाऊ नकोस."

त्याने मान डोलावली.

पांडू तांडेलची होडी खाडीच्या तोंडाशी होती. त्याने कुणाला काही विचारलं नाही. इंजिनाची दोरी ओढता ओढता मला एवढंच म्हणाला, "तू खंय येतंस, ताप हा तुका." मी चढले. माझ्यामागे तन्मय चढला. पांडूने त्याच्याकडे एक डबा फेकला आणि आत येणारं पाणी उपसायला सांगितलं. बेटावर पोचेपर्यंत तन्मय पाणी उपसत राहिला, नसलं तरी उपसत राहिला.

लाटांनी होडी उचलली की बेट दिसायचं, खाली आपटली की नाहीसं व्हायचं. दर खेपेला वर आलो की मी आधी दीपमाळ शोधायची. पायऱ्या बुडाल्या होत्या. ओटा बुडाला होता. देवळाच्या दारातून पाणी आत जात होतं आणि फेस होऊन बाहेर येत होतं. माणूस कुठे नव्हतं.

"मागल्या अंगाक बघूया," पांडू म्हणाला आणि त्याने बेटाला वळसा घातला.

मागच्या बाजूला कोंडी होती तिथे आता नुसतं उसळणारं पाणी होतं. कळशी एका खोबणीत अडकून गोल गोल फिरत होती. तन्मयने डबा खाली टाकला आणि तोंड फिरवलं.

मग वळसा पुरा झाला आणि आम्ही दीपमाळेच्या दुसऱ्या अंगाला आलो. आई तिथे होती. समोरून ती दिसलीच नसती, दीपमाळेच्या आडोशाला होती. छातीपर्यंत पाण्यात. पदर सोडून तिने स्वतःला दीपमाळेशी बांधून घेतलं होतं, आणि लाट आली की डोळे मिटून दगडाला गाल टेकवत होती.

खडकांमुळे होडी जवळ जाईना. पांडूने दोर फेकला. पहिल्यांदा पाण्यात पडला, दुसऱ्यांदा तिच्या हाताला लागून निसटला. तिसऱ्यांदा तिने तो धरला आणि काखेतून गुंडाळून घेतला. मग ती पदराची गाठ सोडायला लागली, आणि गाठ सुटेना. ओल्या कापडाची गाठ घट्ट बसली होती. ती दातांनी ओढत होती, तेवढ्यात एक मोठी लाट तिच्यावरून गेली आणि आम्हाला काहीच दिसेना. दोर माझ्या हातात होता. दोराच्या दुसऱ्या टोकाला ती आहे की नाही, हे मला हाताला कळत नव्हतं.

पांडूने तोंडात कोयती धरली आणि उडी टाकली.

त्याने पदर कापला, आणि दोघं एकत्र खडकावरून सुटली. तन्मय आणि मी जिवाच्या आकांताने दोर ओढत होतो. आई होडीच्या काठावर आली तेव्हा तिचे ओठ निळे पडले होते आणि उजवा पाय घोट्यापासून भलत्याच दिशेला वळला होता. कोंडीच्या शेवाळावरून घसरली होती. हाका मारल्या होत्या, पण ढोलांपुढे कोण ऐकणार. सरपटत ती दीपमाळेपर्यंत आली होती.

होडी किनाऱ्याकडे वळली. मी तिला पोटाशी धरून बसले होते, आणि माझ्या तापाची ऊब तिला मिळत होती. तिचे दात वाजत होते. मग ती म्हणाली, "तू कमानीपाशी होतीस, म्हणून मला धीर होता. म्हटलं, मी दिसले नाही की ही विचारेल."

"विचारलं गं."

"मग?"

मला खोटं बोलवेना. "तू परत आलीस, म्हणालं मशीन."

तिने डोळे उघडले. तन्मय पुढे, आमच्याकडे पाठ करून बसला होता. त्याचे खांदे हलत होते. ती त्याच्या पाठीकडे बघत राहिली.

"ते तरी काय सांगणार," ती म्हणाली. "मी गेल्याचंच त्याला कुणी सांगितलं नव्हतं."

त्या गोष्टीला आता पुष्कळ वर्षं झाली. तन्मयने त्याच संध्याकाळी प्रोग्रॅम बदलला. आता तिथे तिसरं उत्तर येतं, काळ्या अक्षरांत: नोंद नाही. ते आलं की किनाऱ्यावर एकच पळापळ होते, आणि दहातल्या नऊ वेळा तो माणूस घरी झोपलेला निघतो. लोक वैतागतात. तन्मय वैतागू देतो. पुढच्या वर्षी पालखी कमानीत थांबली. राऊळतात्यांनी स्वतःच थांबवली आणि सर्वांत आधी आपला नंबर सांगितला. आईचा पाय पुरता बरा झालाच नाही, तरी ती मामाच्या मागे झांजा घेऊन उभी राहत होती, शेवटपर्यंत.

पण मला त्या दिवसातलं आठवतं ते हे नव्हे.

किनारा अजून लांब होता. इंजिनाच्या आवाजातून दुसरा एक आवाज यायला लागला. मामाचा. तो कमरेइतक्या पाण्यात उभा होता, लोक त्याला दोन्ही बाजूंनी धरून होते, आणि त्याचा तो कीर्तनातला, माईक न लागणारा आवाज लाटांवरून येत होता. तो पालखीबरोबर गेलेल्यांची नावं घेत होता. एकेक नाव, मग थांबायचा.

"रघुनाथ राऊळ."

मागून कुठूनतरी: "आहे."

"भिकाजी मेस्त्री."

"आहे."

"हरिश्चंद्र घाडी."

कुणी बोलेना. पांडूने इंजिन हळू केलं. मामाने पुन्हा हाक दिली, आणि गर्दीच्या पार मागून कुणीतरी धावत धावत ओ दिली, "आहे, आहे, हयसरच आसंय."

अशी सगळी नावं झाली. प्रत्येकाची ओ आली. मग मामा गप्प झाला. आम्ही समोरून येत होतो, पण अजून लांब होतो आणि होडी लाटांआड जात होती. होडीत कोण आहे हे त्याला दिसत नसणार. एकच नाव उरलं होतं, आणि ते घ्यायचं त्याला भय वाटत होतं. ओ आली नाही तर काय, हे भय. मला ते इतक्या दुरून कळलं, कारण माझ्याही छातीत तेच बसलं होतं, आई माझ्या मिठीत असूनसुद्धा.

"अक्का," त्याने हाक मारली.

इतकी वर्षं कीर्तन केलेला तो आवाज त्या दोन अक्षरांवर फाटला.

आईने ओ दिली, पण ती ओ होडीच्या बाहेर गेली नाही. गळ्यात आवाज उरला नव्हता. मी ओरडणार तेवढ्यात तिने माझ्या तोंडावर हात ठेवला. माझ्या खांद्याचा आधार घेऊन, दुखऱ्या पायावर, ती होडीत उठून उभी राहिली.

"खाली बस गे बाये," पांडू म्हणाला, "होडी कलंडतली."

"अक्का," किनाऱ्यावरून पुन्हा आलं.

तिने दोन्ही हात डोक्यावर उंच केले, रिकामे, झांजा कधीच समुद्रात गेल्या होत्या, आणि छातीत होता नव्हता तेवढा सगळा जीव गोळा करून म्हणाली, "आहे रे दामू. आहे."